टँजरीन ड्रीमचा 'इन्फर्नो': दान्तेचा नरक, बायकांच्या आवाजात

सांजराग

टँजरीन ड्रीम हा जर्मन इलेक्ट्रॉनिक ग्रुप म्हटलं की बहुतेकांना सत्तरचं दशकच आठवतं, फेड्रा, रुबिकॉन, रिकोशे हे अल्बम, अंधारं स्टेज, तीन माणसं आणि वायरींचं जंजाळ असलेली भलीमोठी मशिन्स. नाहीतर मग ऐंशीच्या दशकातल्या हॉलिवूड सिनेमांचं संगीत. पण याच ग्रुपने पुढे इटालियन कवी दान्तेच्या 'डिव्हाइन कॉमेडी' या महाकाव्यावर तीन भागांचं मोठं काम केलं, 'इन्फर्नो' (नरक) २००२, 'पुर्गातोरियो' (पापं धुऊन निघायचा डोंगर) २००४, 'पारादिझो' (स्वर्ग) २००६, आणि ते सगळं ऑर्केस्ट्रा आणि ऑपेराच्या वळणाचं आहे, हे त्यांच्या कट्टर चाहत्यांनाही फारसं ठाऊक नसतं. ज्याला त्याला फेड्राबद्दलच बोलायचं असतं. म्हणून हा धागा, आणि सुरुवात 'इन्फर्नो'पासून करू कारण मला तो तिघांत सगळ्यात जवळचा आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एडगर फ्रोझेने १९६७ मध्ये पश्चिम बर्लिनमध्ये हा ग्रुप काढला, माणसं येत जात राहिली, तो मात्र २०१५ मध्ये जाईपर्यंत राहिला. 'इन्फर्नो'च्या वेळी त्याच्याबरोबर त्याचा मुलगा जेरोम होता. ऑक्टोबर २००१ मध्ये बर्लिनजवळच्या बेर्नाऊ गावातल्या सेंट मारियन चर्चमध्ये हे लाइव्ह वाजवलं आणि त्याचंच रेकॉर्डिंग पुढच्या वर्षी आलं. सतरा ट्रॅक. कीबोर्डवरचा ऑर्केस्ट्रा, तालवाद्यं, आणि गायिका.

तर गायिकांबद्दलच बोलायचंय मला. यातले सगळे गाणारे आवाज बायकांचे आहेत. आता बघा, गोष्ट नरकाची. चालणारा दान्ते, वाट दाखवणारा रोमन कवी व्हर्जिल, वाटेत भेटणारे पापी जवळजवळ सगळे पुरुष, पोप काय, राजकारणी काय, फ्लॉरेन्समधले दान्तेचे ओळखीचे आणि शत्रू काय. नरकातली एखादी बाई मनापासून स्वतःचं बोलते असं एकदाच घडतं, पाचव्या कँटोत (म्हणजे सर्गात) फ्रान्चेस्का बोलते तेव्हा. आणि तरी अख्खा अल्बम बायकांच्या आवाजावर उभा आहे. मला वाटतं याचं उत्तर दुसऱ्या कँटोत आहे. दान्ते घाबरून मागे फिरायला निघतो, म्हणतो मीच का, माझी काय लायकी, तेव्हा व्हर्जिल त्याला सांगतो की वर स्वर्गात मेरीला तुझी दया आली, तिने संत लुचियाला बोलावलं, लुचिया तुझ्या दिवंगत प्रिय बेआत्रिचेकडे गेली, आणि बेआत्रिचे स्वतः खाली उतरून माझ्याकडे आली, तिच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणजे नरकाच्या दारात पाऊल पडायच्या आधीच तीन बायकांनी हा प्रवास ठरवून टाकलाय. अल्बममध्ये आपण ऐकतो ते पाप्यांचं रडणं नाही, ज्यांनी त्याला पाठवलं त्यांचा आवाज आहे, तो खाली कितीही खोल गेला तरी सोबत असलेला. पुरावा म्हणाल तर शेवटचा ट्रॅक. तो बेआत्रिचेच्या नावाचा आहे. दान्तेच्या 'इन्फर्नो'त शेवटाला बेआत्रिचे कुठेच नाही, ती थेट पुर्गातोरियोच्या शेवटी शेवटी भेटते. फ्रोझेने तिला मुद्दाम इथे आणलंय.

ऐकलाय का कोणी? तुम्हाला काय वाटतं ते लिहा, विरोधातलं पण लिहा.

फेड्राभक्त

धागा मस्त, पण मला हा अल्बम कधीच पटला नाही. टँजरीन ड्रीम मोठा झाला तो मशीनमुळे. १९७४च्या फेड्रात मूग सिंथसाइझरचा सिक्वेन्सर, म्हणजे ठरवून दिलेले सूर आपोआप परत परत वाजवणारं यंत्र, जसजसा गरम होत गेला तसतसे त्याचे सूर सरकत गेले आणि ते त्यांनी तसंच ठेवलं, त्या सरकण्यात जो जीव आहे तो कुठल्याही व्हायोलिनमध्ये येणार नाही. इन्फर्नोत सिक्वेन्सर जवळपास गायब, आणि त्याच्या जागी काय तर कीबोर्डवर वाजवलेली तंतुवाद्यं, जी खऱ्यासारखी वाटायला बघतात आणि खरी नसतात. ऑर्केस्ट्राच पाहिजे होता तर ऑर्केस्ट्रा आणायचा. सिंथसाइझरने सिंथसाइझरसारखं वाजावं, तो दुसऱ्याची नक्कल करायला लागला की माझा रस संपतो.

बायकांच्या आवाजाचा मुद्दा मात्र विचार करण्यासारखा आहे, तो कधी डोक्यात आला नव्हता.

ध्वनिवेडा

फेड्राभक्त, सिक्वेन्सर का नाही याचं एक साधं कारण जागेत आहे. मी रेकॉर्डिंगमध्ये काम करतो म्हणून सांगतो. दगडी किंवा विटांचं उंच छताचं चर्च असलं की आवाज काही सेकंद घुमत राहतो. समजा सिक्वेन्सर सेकंदाला आठ सूर टाकतोय आणि घुमणं चार सेकंदांचं आहे, तर कुठल्याही क्षणी बत्तीस सूर हवेत एकमेकांत मिसळलेले असणार. खालच्या पट्टीत तर नुसता गाळ होतो. अशा जागेत काय चालतं, तर लांब धरलेला सूर, सावकाश बदलणारे कॉर्ड, आणि ढोलाचा एक ठोका देऊन मग थांबणं. इन्फर्नो नीट ऐका, ठोक्यानंतर किती वेळ सोडलाय बघा. ती शांतता रिकामी नाहीये, तिथे चर्च वाजतंय.

आणि बायकांच्या आवाजाबद्दल अजून एक, उंच पट्टीतला आवाज घुमणाऱ्या जागेत जास्त स्वच्छ राहतो, पुरुषांचा खर्जातला कोरस असता तर त्या कीबोर्डच्या खालच्या सुरांत आणि ढोलात पार बुडाला असता. म्हणजे सांजरागने सांगितलेलं अर्थाचं कारण आहेच, पण कानाचं कारण पण आहे. शब्दांचं मात्र नुकसान होतं. व्यंजनं घुमण्यात विरघळतात, स्वर तेवढे उरतात, त्यामुळे काय गातायत ते कळत नाही अशी तक्रार बरेच जण करतात ती खरी आहे.

मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका प्लीज. हेडफोन तरी लावा.

फेड्राभक्त

जागेचा मुद्दा मान्य, पण मग १९७४ च्या डिसेंबरमध्ये फ्रान्समधल्या रँसच्या कॅथेड्रलमध्ये यांनीच वाजवलं होतं की, ती तर केवढी प्रचंड जागा. तेव्हा कसं जमलं?

सांजराग

रँसचं उदाहरण चांगलं काढलंत. तेव्हा गायिका नीको पण होती त्याच कार्यक्रमात, गर्दी इतकी झाली की नंतर त्यावरून मोठा वाद झाला, चर्च पवित्र राहिलं नाही म्हणून. पुढच्या वर्षी इंग्लंडमध्ये कोव्हेंट्रीच्या कॅथेड्रलमध्ये वाजवलं. पण त्या काळातलं त्यांचं लाइव्ह वाजवणं म्हणजे बरंचसं तिथल्या तिथे सुचेल तसं होतं, मेलोट्रॉन या टेपवर चालणाऱ्या कीबोर्डचे लांब सूर, हळूहळू काहीतरी घडतंय असं. जागा सांगेल तसं वळायची सोय होती. इन्फर्नो आधी लिहिलेलं काम आहे, गायिकांना शब्द दिलेत, कोण कधी येणार ते ठरलंय. मला तरी हा फरक सिक्वेन्सर आहे-नाही यापेक्षा मोठा वाटतो. चर्चमध्ये वाजवणं यांना नवीन नव्हतं, चर्चसाठी लिहिणं नवीन होतं.

आणि कवितेकडे वळणं सुद्धा अचानक नाही. १९८७ चा 'टायगर' आठवा, इंग्रज कवी-चित्रकार विल्यम ब्लेकच्या कवितांवरचा, जोसलिन स्मिथ गायली होती. तेव्हाही जुने चाहते नाराज झाले होते, गाणं कशाला आणलं मध्ये म्हणून. ब्लेकने स्वतः आयुष्याच्या शेवटी दान्तेची चित्रं काढली, शंभरावर, ती अपुरीच राहिली. म्हणजे ब्लेककडून दान्तेकडे जायची वाट तशी मळलेली आहे.

कँटोप्रेमी

मी इटालियन शिकवतो, अल्बम या धाग्यामुळेच ऐकला, पूर्ण ऐकून मग लिहितोय. ट्रॅकची नावं बघून मला फार आनंद झाला कारण नावं देणाऱ्याने पुस्तक खरंच वाचलंय.

'इयो नॉन मोरी', 'विदी त्रे फाच्चे' आणि 'दोलोरोझो रेन्यो'चा सम्राट, ही तिन्ही नावं एकाच कँटोतली आहेत, चौतिसाव्या, म्हणजे नरकाचा तळ. तिथे लुसिफर, म्हणजे सैतान, छातीपर्यंत बर्फात रुतलाय. आग नाही, बर्फ. त्याच्या पंखांच्या वाऱ्यानेच ते तळं गोठतं, तो सुटायला जितका फडफडतो तितका तो वारा त्याचंच तळं गोठवत राहतो. दान्ते त्याला बघून म्हणतो मी मेलो नाही आणि जिवंतही राहिलो नाही. हा या तिघांतला पहिला ट्रॅक. मग त्याला दिसतात एका डोक्याला तीन चेहरे, तो दुसरा. आणि मध्येच एक इंग्रजी नावाचा ट्रॅक आहे, अवकाशातल्या सगळ्यात खोल बिंदूबद्दल, तो मला वाटतं त्याच कँटोतून आलाय. व्हर्जिल दान्तेला पाठीवर घेऊन लुसिफरच्या केसांना धरून खाली उतरत असतो, आणि कमरेपाशी पोचल्यावर मोठ्या कष्टाने उलटा होतो, डोकं जिथे पाय होते तिथे आणतो. दान्तेला वाटतं आपण परत नरकात चाललो. तर व्हर्जिल सांगतो की तो बिंदू ओलांडला, ज्याकडे सगळीकडून वजनं ओढली जातात. पृथ्वीचा मध्य. तिथून पुढे खाली उतरणं म्हणजेच वर चढणं. चौदाव्या शतकात हे लिहिलंय हो!

'बिनताऱ्यांच्या रात्रीतले आवाज' अशा अर्थाचा जो ट्रॅक आहे तो तिसऱ्या कँटोचा. दारातून आत गेल्या गेल्या दान्तेला काही दिसत नाही, आधी फक्त ऐकू येतं. उसासे, रडणं, किंकाळ्या, नाना भाषा, दुखऱ्या हाका, चिडलेले सूर, चढे आवाज, बसलेले आवाज, हात आपटल्याचे आवाज, सगळं मिळून वावटळीत वाळू फिरावी तसं त्या काळ्या हवेत गरगरतंय. तो रडायलाच लागतो. नरकाचं पहिलं दर्शन कानांनी होतं, यापेक्षा संगीतकाराला अजून काय पाहिजे.

क्रम मात्र पुस्तकाचा नाही. नावाडी कॅरन तिसऱ्या कँटोत भेटतो, अल्बममध्ये तो लुसिफरच्याही नंतर येतो. गोष्ट म्हणून ऐकायला गेलात तर गोंधळाल.

मांडवीकाठ

गोव्यातून लिहितेय. चर्चच्या क्वायरमध्ये लहानपणापासून गाते त्यामुळे अल्बमचा पहिलाच ट्रॅक बघून थबकले. 'बिफोर द क्लोजिंग ऑफ द डे'. झोपायच्या आधीच्या प्रार्थनेत म्हणायचं एक जुनं लॅटिन स्तोत्र आहे, 'ते लुचिस आंते तेर्मिनुम', दिवस मावळायच्या आत आम्हाला सांभाळ असं मागणारं, हे नाव त्याच्याच पहिल्या ओळीसारखं आहे. आणि हे स्तोत्र दान्तेत आहे, पण इन्फर्नोत नाही, पुर्गातोरियोच्या आठव्या कँटोत. संध्याकाळची वेळ, एक आत्मा हात जोडून पूर्वेकडे बघत ते गायला लागतो आणि बाकीचे साथ देतात. सातव्यात 'साल्वे रेजिना' गातात. दुसऱ्यात होडीतून येणारे सगळे मिळून स्तोत्र म्हणतात आणि मग कासेल्ला नावाचा दान्तेचा गायक मित्र भेटतो, दान्ते त्याला म्हणतो पूर्वीसारखं गा ना, तो दान्तेचीच कविता गायला लागतो आणि सगळे आत्मे डोंगर चढायचं सोडून ऐकत उभे राहतात, शेवटी त्या डोंगराचा राखणदार म्हाताऱ्या कातोला ओरडावं लागतं.

नरकात असं गाणं कुठेच नाही. एक स्तोत्र आहे तेही उलटं केलेलं, कँटोप्रेमींनी सांगितलेल्या चौतिसाव्याच्या पहिल्याच ओळीत. पवित्र सप्ताहात म्हणतात ते 'वेक्सिला रेजिस', राजाचे ध्वज पुढे येतायत, त्याला व्हर्जिल 'नरकाच्या' असं जोडून देतो. म्हणजे ज्या जागेत गाणं नाही त्या जागेवर गाण्याचा अल्बम करायचा. मग फ्रोझेने काय केलं, तर उंबरठ्यावर संध्याकाळची प्रार्थना ठेवली. दान्ते पण संध्याकाळीच निघतो ना, दुसरा कँटो दिवस सरतोय असाच सुरू होतो. सांजराग, तुमचं म्हणणं मला म्हणूनच पटतं. सांभाळ म्हणून मागणारे आवाज आहेत ते.

आमच्याकडे घराघरांत क्रुसासमोर लदीन म्हणतात, लॅटिनमध्ये, व्हायोलिन असतं साथीला, बायका वरच्या पट्टीत. कित्येकींना शब्दार्थ ठाऊक नसतो, पण कशासाठी गातोय ते पक्कं ठाऊक असतं. त्यामुळे ध्वनिवेडा म्हणतायत तसं शब्द कळले नाहीत याचं मला काही वाटलं नाही.

तानपलटा

एक विनंती, याला ऑपेरा म्हणू नका. ऑपेरात पात्रं असतात, फ्रान्चेस्का म्हणजे एक गायिका, ती रंगमंचावर येते, तिचं काहीतरी होतं. इथे कोण कोणाचं पात्र आहे ते कळत नाही. आणि ऑपेरातला आवाज माइकशिवाय ऑर्केस्ट्रावरून पार शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायला तयार केलेला असतो, इथले आवाज माइकवरचे आहेत, काही गायिकांची गळ्याची ठेवण पॉपची आहे. जेनी क्लिमेक तर पॉपमधूनच आलेली. वाईट म्हणत नाही, आवाज सुरेख आहेत, पण याला कांताता म्हणा, म्हणजे नाट्याशिवायची गायनरचना, गाण्यांची माळ म्हणा.

दान्तेवर ऑर्केस्ट्राचं ऐकायचं असेल तर संगीतकार फ्रान्झ लिस्टची 'दान्ते सिंफनी' ऐका, १८५७ मध्ये ड्रेस्डेनला पहिल्यांदा वाजली. सुरुवातीलाच पितळी वाद्यं जो ताल वाजवतात तो नरकाच्या दारावरच्या ओळींचा आहे, लिस्टने शब्द सुरांच्या वर लिहूनच ठेवलेत, कोणी गात नाही तरी. नरक आणि पुर्गातोरियो झाल्यावर तिसरा भाग स्वर्गाचा करायचा होता, त्याचा संगीतकार मित्र वाग्नरने सांगितलं स्वर्गाच्या नादी लागू नकोस, ते माणसाला जमणारं नाही. मग लिस्टने स्वर्गाऐवजी शेवटाला मेरीचं स्तोत्र ठेवलं, आणि ते कोणाकडून गाऊन घेतलं? बायकांच्या कोरसकडून.

सांजराग

तानपलटा, लिस्टचं हे वाचून अंगावर काटा आला, खरंच. दीडशे वर्षांच्या अंतराने दोघंही त्याच आवाजाकडे आले. फ्रोझे मात्र थांबला नाही, स्वर्ग पण केला, आणि तिथे फेड्राभक्तांची तक्रारही मिटते कारण 'पारादिझो'त खरा ऑर्केस्ट्रा आहे, ब्रांडेनबुर्गची सिंफनी.

ऑपेरा शब्दाबद्दल, ठीक आहे, ऑपेराच्या वळणाचं म्हणू. पण पात्रं नाहीत हे मला उणं वाटत नाही. एका गायिकेला फ्रान्चेस्का केली असती की ती एक पापी झाली असती, बाकीच्या पापी झाल्या असत्या, मग तो वरून सोबत असलेला आवाज उरलाच नसता.

पायवाट

सगळी चर्चा वाचतोय, छान चाललीय. एक ट्रॅक आहे ज्याच्या नावात 'कर्माचा कायदा' आहे. हे मला खटकतं. दान्तेचं तत्त्व वेगळं आहे. त्याच्या नरकात शिक्षा पापाच्याच आकाराची असते, वासनेच्या वाऱ्यात वाहवत गेलेल्यांना तिथे कायमचं वादळ फिरवतं, भविष्य सांगणाऱ्यांची मुंडकी पाठीकडे फिरवलेली, भांडणं लावून माणसं तोडणारा स्वतःचं तोडलेलं मुंडकं कंदिलासारखं हातात धरून चालतो. इथपर्यंत पेरलं ते उगवलं असं वाटतं. पण आपल्याकडे कर्म भोगून संपतं. भोग संपला की पुढचा जन्म, सुटायची वाट उघडी. दान्तेच्या दारावर लिहिलंय आत येणाऱ्यांनो आशा सोडा. तिथे संपणं नाही, अनंतकाळ तेच. हे दोन्ही एकच आहे असं समजून नाव दिलं असेल तर दान्तेतली सगळ्यात भयंकर गोष्टच बोथट होते.

कँटोप्रेमी

पायवाट, मुद्दा अगदी नेमका आहे. फक्त एक भर, भोगून संपणं दान्तेत आहे, पण ते पुर्गातोरियोत. तिथे गर्विष्ठ माणसं पाठीवर धोंडे घेऊन वाकून चालतात आणि एक दिवस तो धोंडा उतरतो. नरकातलं आणि तिथलं दुःख दिसायला कधी कधी सारखंच असतं, फरक एवढाच की तिथे संपणार आहे हे माहीत असतं, म्हणूनच तिथे गाता येतं. त्या ट्रॅकचं नाव दुसऱ्या अल्बमवर जास्त शोभलं असतं.

आणखी एक गोष्ट सांगायचा मोह होतोय. ज्ञानेश्वरी १२९० ची. दान्तेने डिव्हाइन कॉमेडी लिहिली ती चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला, १३२१ मध्ये राव्हेन्नाला वारला तेव्हा नुकती पुरी झाली होती. दोघांमध्ये जेमतेम एका पिढीचं अंतर. विद्वानांची भाषा लॅटिन असताना त्याने हे सगळं आपल्या तोस्कानातल्या बोलीत लिहिलं. मी वर्गात दान्ते सुरू करताना 'माझा मराठाचि बोलु कौतुकें' म्हणूनच सुरू करतो, मुलांना लगेच समजतं हा माणूस काय करायला निघाला होता.

बर्लिनकर

बर्लिनमध्ये राहतो, बेर्नाऊला जाऊन आलोय म्हणून लिहितो. शहरातून एस-बान, म्हणजे इकडची लोकल, दोन नंबरची पकडायची, शेवटचं स्टेशन. गाव छोटं, जुनी तटबंदी अजून बरीच शाबूत आहे. सेंट मारियन लाल विटांचं आहे, इकडे उत्तरेला बांधकामाचा चांगला दगड फारसा मिळत नाही म्हणून बरीच मोठी जुनी चर्चेस विटांची. बाहेरून छप्पर एवढं अवाढव्य की खालच्या भिंती लहान वाटतात. आत उंच खांब आणि वर कमानींचं जाळं. ध्वनिवेडा म्हणतायत ते आत गेल्यावर लगेच कळतं, माझ्याबरोबरच्याने बॅगेची चेन ओढली तर तो आवाज वरपर्यंत जाऊन आला.

इकडचा माणूस म्हणून अजून एक जाणवतं. बेर्नाऊ पूर्व जर्मनीत होतं. फ्रोझे पश्चिम बर्लिनचा, मध्ये भिंत. टँजरीन ड्रीमने १९८० मध्ये पूर्व बर्लिनमध्ये वाजवलं होतं ते तेव्हा फार मोठं प्रकरण होतं, पश्चिमेकडचा असा ग्रुप तिकडे अधिकृतपणे वाजवतोय म्हणून. २००१ मध्ये त्याच बाजूच्या एका गावातल्या चर्चमध्ये लोकल ट्रेनने जाऊन त्यांना ऐकता आलं असेल.

गिरगावकर

दान्तेचा आणि आपला एक धागा इथे सांगायलाच पाहिजे. मुंबईत फोर्टात टाउन हॉल आहे ना, त्या पांढऱ्या पायऱ्यांचा, तिथल्या एशियाटिक सोसायटीकडे डिव्हाइन कॉमेडीची फार जुनी हस्तलिखित प्रत आहे. एल्फिन्स्टनने दिलेली. मुसोलिनीने ती परत मागितली होती, भली मोठी रक्कम देऊ केली होती आणि सोसायटीने नाही म्हटलं, अशी गोष्ट सांगतात. चर्चगेटहून चालत जाण्याच्या अंतरावर ही वस्तू आहे.

दुसरं म्हणजे १९११ चा इटालियन मूकपट आहे 'लिन्फर्नो', राजा हरिश्चंद्रच्या दोन वर्षं आधीचा. गुस्ताव्ह दोरेच्या चित्रांवरून सेट उभे केलेत. त्याची डीव्हीडी आली तिला टँजरीन ड्रीमचंच संगीत आहे. मुंडकं हातात धरलेला माणूस त्यात आहे, पायवाट. शंभराहून जास्त वर्षांपूर्वीची ट्रिक, अजून बघवत नाही. मला अल्बम नुसता ऐकताना जरा एकसुरी वाटला होता, चित्रपटाबरोबर मात्र बायकांचे आवाज आणि पडद्यावरचे ते उघडे पुरुष असं समोरासमोर आल्यावर फार परिणाम झाला. काही जणांना मूकपटावर गाणारे आवाज नको असतात, त्यांनी आवाज बंद करून बघावा, तरी बघावा.

नवश्रोती

मी यातलं काहीच ऐकलेलं नाही आणि दान्ते पण वाचलेला नाही. पूर्ण वाचून मग ऐकू की आधी ऐकू? आणि सुरुवात इन्फर्नोपासूनच करावी का?

सांजराग

नवश्रोती, पूर्ण वाचायची वाट बघू नकोस, शंभर कँटो आहेत, वाचेपर्यंत ऐकायचं राहून जाईल. इन्फर्नोतले चारच वाच, दुसरा, तिसरा, पाचवा आणि चौतिसावा. इंग्रजी भाषांतरं नेटवर सहज मिळतात, टिपांसहित घे, टिपांशिवाय अर्ध्या माणसांची ओळखच पटत नाही. मग एकदा सलग ऐक, ट्रॅक मध्येच पुढे ढकलू नकोस. पहिल्या काही ट्रॅकमध्ये काही घडत नाहीये असं वाटेल. वाटू दे. तालवाद्यं जोर धरतात तेव्हा त्या आधीच्या संथपणाचं मोल कळतं.

गिरगावकर, एकसुरी हा शब्द मी पण दुसऱ्यांकडून ऐकलाय. माझ्या मते मधल्या भागात खरंच दोनेक ट्रॅक कमी चालले असते. कीबोर्डवरचे व्हायोलिन काही ठिकाणी पातळ लागतात हेही खरं, फेड्राभक्तांच्या तक्रारीत तेवढं तथ्य आहे. पण आवाज सुरू झाले की मला त्या व्हायोलिनकडे लक्ष द्यायची गरजच उरत नाही.

ध्वनिवेडा

कँटोप्रेमी, पारादिझोमध्ये आवाजाबद्दल काही आहे का? ऐकायच्या आधी वाचायला आवडेल.

कँटोप्रेमी

भरपूर आहे. दोन जागा तर या ग्रुपसाठीच लिहिल्यासारख्या आहेत. आठव्या कँटोत तो म्हणतो, आवाजात दुसरा आवाज ओळखू येतो, एक स्थिर असतो आणि दुसरा जातो आणि परत येतो. आपल्याला हे समजवायला नको, तंबोरा आणि गाणारा. टँजरीन ड्रीमचं तर निम्मं संगीत असंच आहे, एक सूर धरून ठेवलेला आणि दुसरा फिरून येणारा.

दुसरी जागा दहाव्याच्या शेवटी. ज्ञानी लोकांचे आत्मे गोल फिरत गातायत आणि दान्तेला आठवतं पहाटे गजर करणारं घड्याळ, यांत्रिक, चक्रांचं, एक भाग ओढतो आणि दुसरा ढकलतो, आणि 'तिन तिन' असा गोड नाद येतो. शब्दशः 'तिन तिन' लिहिलंय त्याने. यांत्रिक घड्याळ तेव्हा युरोपात अगदी नवीन होतं. स्वर्गातलं संगीत कसं, तर मशीनसारखं, चक्रावर चक्र, त्याच त्या गतीने परत परत येणारं.

फेड्राभक्त

हा तर सिक्वेन्सरच झाला! चक्रं, ठरलेली गती, परत परत येणारे सूर. दान्तेने तो स्वर्गात ठेवलाय आणि मी तो नरकात का नाही म्हणून भांडतोय. कँटोप्रेमी, फार मोठी गोष्ट दिलीत. पारादिझो ऐकतो आणि लिहितो, खरा ऑर्केस्ट्रा आहे म्हणताय तर त्यात सिक्वेन्सर किती आणि कसा वापरलाय तेच बघायचंय मला. कीबोर्डच्या व्हायोलिनबद्दल माझं मत तेच राहील, पण दुसरा कँटो वाचून इन्फर्नो परत लावणार.

मांडवीकाठ

पुर्गातोरियोचा वेगळा धागा काढा ना सांजराग. त्यात गाणारे इतके आहेत की इथे मावणार नाहीत. कुठल्या कँटोत कुठलं स्तोत्र आहे ते मी काढून देते, क्वायरमधल्या एका आजींना बरीचशी तोंडपाठ आहेत, त्यांनाही विचारते.

सांजराग

नक्की काढते, या रविवारी. दुसरा, सातवा आणि आठवा कँटो वाचून या सगळ्यांनी, कासेल्लापासून सुरू करू.